गिअरबॉक्स बदलला आणि गाडी सेल्फ घेईना

ओझरचे एक काका जुलैत गाडी टोचन करून माझ्या दुकानी घेऊन आले, तेव्हा त्यांच्या हातात शंभर पानी वही होती. एचएएलच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला माणूस, नोंद ठेवायची सवय सुटलेली नाही. गाडी कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे अडली, सगळं तारीखवार लिहिलेलं. एक नोंद अशी होती: "१४ जुलै, सकाळी ७.१०. रात्रभर पाऊस. चावी फिरवली, टक् एवढाच आवाज. आतला दिवा लख्ख. चौथ्या वेळेस सुरू." अशा अकरा नोंदी होत्या.

मार्चमध्ये गाडीचा गिअरबॉक्स बदलला होता. तेव्हापासून दोनदा सेल्फ (चावी फिरवल्यावर इंजिनला फिरवून देणारी मोटर) बदलून झाला, एकदा बॅटरी. प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवस गाडी झकास चालायची आणि पुन्हा तेच. काका वैतागले नव्हते, पण थकले होते. "गाडी विकून टाकावी का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. गिअरबॉक्स किंवा क्लचचं काम होऊन आलेली आणि नंतर सुरू व्हायला रडणारी गाडी माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. बहुतेकांचे सेल्फवर, बॅटरीवर, कधी पेट्रोलच्या पंपावर पैसे खर्च होऊन गेलेले असतात. त्यातले बरेचसे वाचू शकतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

मुळात एक गोष्ट लक्षात घ्या. गिअर पडत नव्हता, बेअरिंग ओरडत होतं, जे काही असेल ते, पण गॅरेजात जाण्याआधी गाडी चावीवर सुरू होत होती. सेल्फ चांगला होता, बॅटरी चांगली होती, इंजिन चांगलं होतं. मग बिघाड झाला कुठे? काढताना किंवा बसवताना. गिअरबॉक्स उतरवायला बॅटरी आणि तिचा ट्रे निघतो, अर्थची वायर (करंट परत बॅटरीच्या मायनसला नेणारी) सुटते, सेल्फ निघतो, रिव्हर्स स्विचचा कपलर (वायरी जोडणारा प्लग), गिअरच्या केबली, वायरिंगच्या क्लिपा आणि बऱ्याच गाड्यांत क्रँक सेन्सरही निघतो. मिस्त्रीचा हात जिथे जिथे गेला, तिथे तिथे आधी पाहायचं. नवा पार्ट त्यानंतर.

सुरुवात करण्याआधी चाकाला दगड लावा, हँडब्रेक ओढा आणि गाडीच्या पुढे-मागे कुणालाही उभं करू नका. नव्याने बसवलेल्या गिअरबॉक्सची केबल नीट जुळवलेली नसेल तर दांडा न्यूट्रलला दिसतो आणि आत गिअर पडलेला असतो. चावी फिरवताच गाडी उडी घेते. दुकानाच्या भिंतीवर गाडी आदळलेली मी पाहिली आहे, म्हणून हे आधी सांगतोय.

आवाज ऐका, दिवा बघा

गाडी "चालू होत नाही" एवढ्यावरून काही कळत नाही. सेल्फच घेत नाही, की सेल्फ मारतो पण इंजिन पेटत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत. फोन करणारे दहातले सहा जण हा फरक सांगत नाहीत आणि मग अर्धा तास उलट्या दिशेला जातो.

सेल्फ घेत नसेल तर आतला छताचा दिवा लावा आणि चावी फिरवताना त्याच्याकडे बघा. हेडलाइटवर जाऊ नका, कारण बऱ्याच गाड्या सेल्फ मारताना हेडलाइट स्वतःच बंद करतात आणि माणूस फसतो. छताचा दिवा एकदम मंदावला आणि टकटकटकटक असा मशीनगनसारखा आवाज आला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या खांबावरची क्लिप सैल आहे. दिवा लख्ख राहिला आणि काहीच आवाज नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोहोचत नाही. तेव्हा गिअरचा स्विच, क्लचचा स्विच, रिले किंवा सुटलेली बारीक वायर बघायची. आणि दिवा लख्ख राहून एकच दणदणीत टक् आला, किंवा टकटक होते पण दिवा ढिम्म हलत नाही, तर हुकूम पोहोचलाय पण करंटला वाट मिळत नाही. काकांच्या वहीत नेमकं हेच अकरा वेळा लिहिलेलं होतं.

मॅन्युअल गाडी असेल तर आणखी एक सोपी खूण. धक्का मारून दुसऱ्या गिअरवर ती लगेच पेटत असेल तर इंजिन, सेन्सर, पेट्रोल, स्पार्क सगळं ठीक आहे. दोष सेल्फच्या वाटेवरच आहे. धक्का मारूनही पेटत नसेल तर पुढे "सेल्फ मारतो, पण पेटत नाही" या भागातलं क्रँक सेन्सरचं वाचा. ऑटोमॅटिकला धक्का मारू नका, तिथे त्याचा उपयोग नाही.

घट्ट आहे म्हणजे चांगली आहे असं नाही

बॅटरीच्या प्लसवरून जाड केबल सेल्फला येते, ती सगळ्यांना माहीत असते. पण करंटला परत बॅटरीच्या मायनसला जायलाही तेवढीच जाड वाट लागते. सेल्फला बहुतेक गाड्यांत वेगळी अर्थची वायर नसते. तो गिअरबॉक्सच्या बेल हाऊसिंगवर, म्हणजे इंजिनला जोडल्या जाणाऱ्या घंटेसारख्या तोंडावर, बोल्टने बसतो, आणि त्याचं धड हीच त्याची अर्थ. तिथून करंट गिअरबॉक्सवर लावलेल्या अर्थच्या पट्टीतून बॅटरीकडे जातो. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर टेकलेले असतात, म्हणजे बॉडीशी त्यांचा धातूला धातू असा संबंध फारसा नसतो. ती एक पट्टी गेली की सगळं लटकलं.

गिअरबॉक्स बदलताना नेमकी हीच पट्टी सुटते आणि परत लागते. कधी ती विसरली जाते. कधी दुसऱ्याच बोल्टखाली, रंगवलेल्या ब्रॅकेटवर लागते. आणि कधी काकांच्या गाडीसारखं होतं.

"काका, सेल्फ नवा, बॅटरी नवी. आता काय राहिलं?"

"वायर राहिली. पण बघितली ना सगळ्यांनी. दोघा वायरमननी टेस्ट लॅम्प लावला, लख्ख लागला. पाना लावून बघितलं, घट्ट आहे म्हणाले."

खरंच घट्ट होती. मी पण पाना लावून बघितलं. पण टेस्ट लॅम्प इथे उपयोगाचा नाही. तो अर्धा अँपिअरसुद्धा ओढत नाही, आणि छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ दीडशे अँपिअरच्या घरात ओढतो, डिझेल त्याहून जास्त. जोडणीत फक्त ०.०४ ओहमचा अडथळा धरा. दीडशे अँपिअर जायला गेले की तो एकटा सहा व्होल्ट खातो. अर्ध्या अँपिअरच्या बल्बला तो जाणवतही नाही, आणि साध्या मल्टिमीटरवर ओहम मोजायला गेलात तर आकडा शून्याजवळच दिसतो, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचा अडथळा त्याहून जास्त असतो.

म्हणून मोजायचं ते सेल्फ मारताना, व्होल्टमध्ये. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबाच्या शिशावर टेकवा, क्लिपवर नाही. लाल पिन सेल्फच्या धडावर किंवा गिअरबॉक्सच्या उघड्या अॅल्युमिनिअमवर, जिथे रंग नाही तिथे, टोचून धरा. कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहायला हवा. प्लसच्या बाजूला असंच बॅटरीच्या प्लस खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत मोजलं तर अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

काकांच्या गाडीवर मीटरने ६.८ दाखवलं. बॅटरीवर त्या क्षणी १२ व्होल्ट होते. सेल्फच्या वाट्याला पाच व्होल्ट येत होते, तो फिरणार कसा?

पट्टीचा बोल्ट खोलला. थिंबलखाली, म्हणजे पट्टीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, गिअरबॉक्सवर चंदेरी रंग होता आणि त्या रंगावर थिंबलचा गोल ठसा उमटला होता, आत रंग तसाच्या तसा. गिअरबॉक्स कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारातून आलेला. जुना गिअरबॉक्स विकताना त्यावर चंदेरी स्प्रे मारलेला असतो, नवा दिसावा म्हणून. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा स्पर्श व्हायचा तेवढ्यावर गाडी चार महिने चालली होती. पावसाच्या दमटपणात अॅल्युमिनिअमवर थर चढला की तेवढाही स्पर्श जायचा.

मग सेल्फ बदलला की आठ-पंधरा दिवस गाडी का चालायची? कारण हाच बोल्ट सेल्फचाही होता. सेल्फ काढताना तो फिरायचा, आटे घासले जायचे, थोडा नवा धातू उघडा पडायचा. गाडी सुरू व्हायची आणि सगळ्यांची खात्री पटायची की सेल्फच गेला होता. आजार पुन्हा पुन्हा येण्याचं कारण हे होतं. दरवेळी उपचार चुकीचा झाला आणि गुण मात्र आला. याहून फसवी परिस्थिती दुरुस्तीच्या कामात नाही.

बॅटरीचंही तसंच. अल्टरनेटरसुद्धा इंजिनच्याच अर्थवर काम करतो. अर्थ खराब असली की बॅटरी पुरती चार्ज होत नाही, मग ती उतरते, मग ती बदलली जाते. पुरती चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी उतरली. सेल्फ मारताना साधारण ९.६ च्या खाली गेली तर तिची चाचणी करून घ्या. पण काकांची बॅटरी सेल्फ मारताना बारावरच राहिली होती, आणि हीच खूण महत्त्वाची. बॅटरीवर ताणच आला नाही याचा अर्थ करंट पुरेसा बाहेर पडतच नव्हता.

रंगावरचा तो गोल ठसा मी काकांना दाखवला. ते वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, हे तर बाँडिंग. विमानात बाँडिंगची पट्टी लावायची तर आधी रंग खरवडून धातू उघडा करायचा, मग बोल्ट. रंगावर लावलीस तर इन्स्पेक्टर पुढे जाऊ देत नाही." मग म्हणाले, "आण पॉलिश पेपर." आणि त्यांनीच खाली बसून ८० नंबरच्या पेपरने रुपयाच्या नाण्याएवढी जागा चकचकीत केली. थिंबलची दोन्ही अंगं घासली, बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने साफ केले. आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली, आधी नाही. मीटरवर ०.०९ आलं.

मीटर नसेल तर जंप केबलने पाच मिनिटांत कळतं. केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला, इंजिन उचलायचा हुक असतो त्याला, लावा. प्लसला हात लावायचा नाही. आता चावी फिरवा. सेल्फ खणखणीत फिरला तर अर्थ खराब, पुढे वाद नाही. रस्त्यात अडलात तर घरी पोहोचायलाही हा उपाय चालतो.

एक धोक्याची खूण सांगून ठेवतो. अर्थची पट्टी नसली की करंट मिळेल त्या वाटेने जातो. क्लचची केबल, गिअरची केबल, एक्सिलरेटरची केबल. सेल्फ मारल्यावर केबलचं कव्हर गरम लागलं किंवा वितळल्याचा वास आला तर लगेच थांबा. दिंडोरी, निफाडकडच्या पिकअप माझ्याकडे येतात, त्यांत खताची पोती आणि फवारणीचं पाणी वर्षभर सांडलेलं असतं. त्यांच्या अर्थच्या पट्ट्या बाहेरून अखंड दिसतात आणि आत हिरवी भुकटी झालेली असते. अशी पट्टी घासत बसू नका, नवी लावा.

हुकूमच पोहोचत नसेल तर

सेल्फवर एक जाड बोल्ट आणि एक बारीक वायर असते. चावी फिरवताना त्या बारीक वायरवर बॅटरीइतकेच, म्हणजे दहाच्या वर व्होल्ट यायला हवेत. आले आणि सेल्फ गप्प, तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. आले नाहीत तर मागे जा. कित्येकदा ही वायरच लावायची राहिलेली असते. ती सेल्फच्या मागच्या अंगाला, हात जेमतेम पोहोचेल अशा जागी असते आणि कपलर नुसता टेकवलेला राहतो. दोन दिवस चालतो, मग धक्क्याने सुटतो.

ऑटोमॅटिक गाडीत पहिली परीक्षा फुकटची आहे. पी वर सेल्फ घेत नसेल तर ब्रेक दाबून एन वर घ्या आणि चावी फिरवा. घेतला, तर गिअरबॉक्सवरचा स्विच किंवा त्याची केबल जुळलेली नाही. हा स्विच गिअरबॉक्सवर गिअरचा आस आत शिरतो तिथे बसतो. त्याच्या बोल्टची भोकं लांबट असतात, म्हणजे तो थोडा इकडेतिकडे फिरवून बसवता येतो. गिअरबॉक्स न्यूट्रलला ठेवून स्विचवरची खूण जुळवायची आणि मग आवळायचं. काही मिलिमीटरनेही चूक झाली तर गाडी कधी पी ओळखते, कधी नाही. दांडा थोडा हलवून धरला की सेल्फ घेते अशी तक्रार आली की मी आधी डॅशबोर्डच्या मीटरवरचं गिअरचं अक्षर बघतो. पी वर दांडा असून पी दिसत नसेल तर अंदाज बरोबर. स्कॅनरवर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) पी ०७०५ हा कोड बहुधा येतो.

एएमटी गाड्यांचं जरा वेगळं आहे. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओपासून त्या आल्या आणि आता नाशिकमध्ये रोज दिसतात. आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, पण क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. क्लच किंवा गिअरबॉक्स बदलला की त्या यंत्राला नव्याने शिकवावं लागतं, क्लच कुठे पकडतो, न्यूट्रल कुठे आहे. ते स्कॅनरनेच होतं. शिकवलं नाही तर कंट्रोल युनिटला न्यूट्रलची खात्री पटत नाही आणि ते सेल्फला परवानगी देत नाही. अशा गाडीत वायर खोलून बघण्यात दिवस घालवू नका. जिथे गिअरबॉक्स बसवला तिथेच विचारा: लर्निंग केलं का?

मॅन्युअलमध्ये क्लच पेडलवरचा स्विच बघा. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ न घेणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत, आणि पायाखालची मॅट अडली तरी हा स्विच लागत नाही.

फ्यूजचा एक खास प्रकार गिअरबॉक्सच्या कामानंतरच दिसतो. रिव्हर्स लाइटची वायर गिअरबॉक्स आणि इंजिनच्या मध्ये चेपली जाते. रिव्हर्स टाकला की शॉर्ट होऊन फ्यूज उडतो. काही गाड्यांत त्याच फ्यूजवर इतर महत्त्वाच्या गोष्टीही असतात. "सोसायटीतून गाडी मागे घेतली आणि बंद पडली ती पडलीच," असं कुणी सांगितलं तर मी आधी फ्यूज बघतो. नवा फ्यूज घालून गाडी चालली म्हणून निघू नका, चेपलेली वायर सापडेपर्यंत काम झालेलं नाही.

सेल्फ मारतो, पण पेटत नाही

इथे माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर. क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, नेमका कुठे फिरतोय हे हा सेन्सर इंजिनच्या कंट्रोल युनिटला सांगतो, त्यावर स्पार्क आणि इंजेक्शनची वेळ ठरते. पुष्कळ गाड्यांत तो बेल हाऊसिंगच्या वरच्या बाजूला बसतो आणि फ्लायव्हीलचे (क्रँकच्या टोकाचं जड चाक) किंवा त्यावरच्या चकतीचे दात वाचतो. गिअरबॉक्स उतरवताना तो आधी काढून ठेवायला हवा. घाईत राहिला तर टोक फुटतं. नाहीतर वायर चेपते. नाहीतर टोकाच्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो आणि तो आंधळा होतो.

ओळखायचं असं. सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. तो थोडा तरी उचलायला हवा, दोनशेच्या आसपास. काटा शून्यावर चिकटून राहिला तर बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा निरोप येत नाही असं समजा. सगळ्याच गाड्यांचा काटा सेल्फवर हलत नाही, म्हणून स्कॅनरवर सेल्फ मारताना आरपीएम बघणं जास्त खात्रीचं. पी ०३३५ कोड आला तरीही लगेच सेन्सर विकत घेऊ नका. तो कोड "निरोप येत नाही" एवढंच सांगतो, सेन्सर मेला असं नाही. आधी बाहेर काढून टोक पुसा, कपलरमधल्या पिना वाकल्या आहेत का बघा, वायर बेल हाऊसिंगच्या सांध्यापर्यंत हाताने चाचपत जा.

याचं पुन्हा पुन्हा येणारं रूप कसारा घाटात भेटतं. मुंबईहून येताना घाट चढून गाडी इगतपुरीला चहाला थांबते. दहा मिनिटांनी चावी फिरवली तर सेल्फ झकास, पण इंजिन पेटत नाही. अर्ध्या तासाने आपोआप पेटतं. लोक म्हणतात पेट्रोलचा पंप. पंप असूही शकतो. पण गाडी उभी राहिल्यावर वारा लागायचा थांबतो आणि बॉनेटखालची उष्णता काही वेळ वाढतच जाते. तडा गेलेला सेन्सर किंवा एक्झॉस्टला टेकलेली वायर तेव्हाच दगा देते. अशा वेळी सेन्सर हाताला येत असेल तर पाण्यात पिळलेलं फडकं त्यावर दोन-तीन मिनिटं धरा. त्यानंतर गाडी पेटली तर दोष कुठे आहे ते कळलं. एक्झॉस्टपासून हात जपा. आणि गिअरबॉक्स बसवल्यावर वायरिंगच्या सगळ्या क्लिपा परत लावल्यात का ते नक्की बघा. एक क्लिप राहिली की वायर लोंबते आणि महिन्या-दोन महिन्यांनी एक्झॉस्टवर भाजते. तोवर गिअरबॉक्सचं काम कुणाच्या आठवणीतही नसतं.

फ्लायव्हीलही बदललं असेल तर दातांची जुळणी बघायलाच हवी. पुष्कळ इंजिनांत ६० दातांची रचना असते, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले, म्हणजे ५८. ती रिकामी जागा हीच कंट्रोल युनिटची खूण. दुसऱ्या मॉडेलचं फ्लायव्हील बोल्टला बसतं, क्लचला बसतं, आणि खूण भलतीकडे असते. मग सेन्सर कितीही नवे लावा.

किल्लीचं चिन्ह मीटरवर लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चावीची ओळख पटली नाही तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा. दुसरी चावी लावून बघा. काही ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट त्याच्या पोटातच असतं. असा जुना गिअरबॉक्स आणला तर तो दुसऱ्या गाडीची ओळख घेऊन येतो, आणि या गाडीशी कोडिंग करून जुळवून घ्यावा लागतो. घेण्याआधी हे विचारून घ्या, नंतरचा खर्च मोठा असतो.

आवाज वेगळाच येत असेल तर हात आवरा

सेल्फ मारताना खर्रर्र असा दातांवर दात घासल्याचा आवाज, किंवा नुसता घुंईं करून सेल्फ मोकळा फिरतोय. सेल्फ तिरका बसलाय का बघा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये पत्र्याची पातळ प्लेट असते, ती राहिली का बघा. ती नसली की सेल्फचा दात रिंग गिअरमध्ये (फ्लायव्हीलच्या कडेचं दातांचं कडं) हवा तेवढा शिरत नाही किंवा जास्त शिरतो. दोन्ही भाग नेमके एका रेषेत आणणाऱ्या डॉवेल पिनाही बघायला सांगा. त्या जुन्या गिअरबॉक्सबरोबर जातात आणि नव्यात नसतात.

आणि सेल्फ जोर लावतोय, बॅटरी खाली जातेय, दिवा मंदावतोय, पण इंजिन जागचं हलत नाही, तर सेल्फ मारणं तिथेच बंद करा. क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून हाताने इंजिन फिरतं का बघा. जड फिरेल, पण फिरलं पाहिजे. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असणारा तेलाचा गोल डबा) गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण बसला नसताना बेल हाऊसिंगचे बोल्ट आवळून ओढून घेतले, तर सगळं दाबलं जाऊन इंजिन अडकतं आणि पंप फुटतो. बसवताना हाउसिंग हाताने इंजिनला पूर्ण टेकायला हवं, बोल्टने खेचायचं नाही. असं झाल्याचा संशय असेल तर गिअरबॉक्स परत उतरवण्याशिवाय इलाज नाही, आणि ते काम ज्याने बसवला त्याच्यासमोरच व्हावं.

एरवीही दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा. चांगला सेल्फ जाळून घेऊन माणसं माझ्याकडे येतात आणि मग दोन बिघाड शोधावे लागतात.

गाडी गॅरेजातून घेताना

गिअरबॉक्स बदलून गाडी ताब्यात घेण्याआधी तिथेच थंड असताना एकदा आणि चक्कर मारून गरम झाल्यावर एकदा सुरू करून बघा. ऑटोमॅटिक असेल तर पी वर आणि एन वर दोन्हीकडे. रिव्हर्स टाकून मागचा दिवा बघा. बॉनेट उघडून अर्थची पट्टी कुठे लावली ते दाखवायला सांगा, थिंबलखाली रंग आहे का ते विचारा. चांगला मिस्त्री यावर चिडत नाही, स्वतःहून दाखवतो. काम सुरू होण्याआधी बॅटरी आणि गिअरबॉक्सच्या बाजूचे चार फोटो मोबाइलवर काढून ठेवले तर कोणती वायर कुठे होती याचा वाद राहत नाही.

तरीही अडलात, तर मला किंवा तुमच्या नेहमीच्या वायरमनला फोन करण्याआधी काकांसारखं टिपून ठेवा: गाडी थंड होती की गरम, पाऊस होता का, आवाज कसा, छताचा दिवा मंदावला की नाही, आरपीएमचा काटा हलला का, मीटरवर कोणतं अक्षर, आणि गिअरबॉक्सच्या कामाला किती दिवस झाले. काकांच्या वहीतली शेवटची ओळ त्यांनी माझ्या दुकानातच लिहिली. तारखेपुढे फक्त दोन आकडे होते, आधी ६.८, नंतर ०.०९.